पावतीवरील कर : गृहस्थानें काय पाहावें?

बाजारांतून वस्तु आणली कीं पावती चुरगाळून टाकावयाची, ही रीत बहुतेक घरांत आढळते. परंतु वस्तु व सेवा कराचा सारा भार शेवटीं ग्राहकावरच पडतो. म्हणून घरांतील एकानें तरी ती वाचावी, असें आम्हांस वाटतें. महाराष्ट्रांत १ एप्रिल २००५ रोजीं आलेल्या मूल्यवर्धित कराचें तत्त्वच १ जुलै २०१७ पासूनच्या या करांत आहे.

वर्धित म्हणजे वाढलेलें. समजा, कारखानदारानें पंखा दुकानदारास १००० रुपयांस विकला; शेंकडा १८ प्रमाणें कर १८०. दुकानदारानें तो आपणांस १२०० रुपयांस दिला; कर २१६. त्यांतून पूर्वीं दिलेले १८० वजा करून तो सरकारांत ३६ च भरतो. वाढलेल्या २०० रुपयांवरील कर तो हाच. सरकारास एकूण २१६ मिळतात, ते मात्र आपल्या खिशांतून जातात.

तेव्हां पावतीवर प्रथम १५ अक्षरांचा नोंदणी क्रमांक पाहावा; महाराष्ट्रांत त्याचा आरंभ २७ नें होतो. नोंदणी नसतां कर घेणें बेकायदा होय. राज्यांतल्या राज्यांत खरेदी असल्यास केंद्र व राज्य यांचा कर निम्मा-निम्मा दाखविलेला असतो. वेष्टनावरील कमाल किंमतींत सर्व कर आलेलेच असतात. तीवर पुन्हा कर मागितल्यास देऊं नये.

पावती मागण्यांत संकोच कसला? पावतीविना दिलेला कर सरकारांत पोहोंचलाच, हें कोण सांगणार?