फर्गीची खुर्ची

मॅनेजर कितीही ग्रेट असला तरी एक दिवस त्याला जावंच लागतं. मग त्याच्या खुर्चीत बसायचं कोणी? मँचेस्टर युनायटेडपुढे हा प्रश्न २०१३ मध्ये आला, लिव्हरपूलपुढे २०२४ मध्ये. एकाची पार दांडी गुल झाली, दुसरा पहिल्याच वर्षी फर्स्ट क्लासमध्ये पास! असं का झालं असेल बरं?

८ मे २०१३, बुधवार. दहावीच्या व्हेकेशन क्लासला जायला मी चपला घालत होते, तेवढ्यात आईच्या मोबाइलवर दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. हिंजवडीत आयटीत, आणि रक्त तपासलं तर मँचेस्टर युनायटेड पॉझिटिव्ह निघेल असा. म्हणाला, ‘‘फर्गी गेला.’’

माझ्या पोटात गोळाच आला. ‘‘कधी? कशाने?’’

‘‘अगं, तसा नाही गेला. रिटायर होतोय.’’

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी दोन्हीत फारसा फरक वाटला नाही. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन युनायटेडला आले नोव्हेंबर १९८६ मध्ये. मी जन्मले तेव्हा त्यांना तिथे अकरा वर्षं होऊन गेली होती. युनायटेडचा मॅनेजर ‘बदलतो’ ही कल्पनाच आमच्या पिढीला माहीत नव्हती. तेरा प्रीमियर लीग, दोन चॅम्पियन्स लीग, सगळ्या मिळून ३८ ट्रॉफ्या आणि च्युइंगम चघळणारा तो लालबुंद चेहरा! लगेच दुसऱ्या दिवशी, ९ मेला, एव्हर्टनच्या डेव्हिड मॉइसचं नाव जाहीर झालं. कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं? सहा!

दादाने ऑफिसातल्या माणसाला पडेल तोच प्रश्न विचारला, ‘‘केटी कधी करणार?’’ केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता तुमच्या-माझ्यासारख्या प्रत्येकाला माहीत आहे. जाणारा माणूस नोटीस पीरियडमध्ये येणाऱ्याला सगळं समजावून देतो. निदान तसं म्हणायची पद्धत तरी आहे.

जीन्समधला इंटरव्ह्यू

मॉइसची निवड कशी झाली, हा किस्सा त्याने स्वतःच नंतर सांगितलाय. तो बायकोबरोबर बाहेर फिरत होता. फर्ग्युसनचा फोन आला, ‘घरी ये.’ मॉइसला वाटलं, आपला एखादा प्लेयर पळवायचा असेल, तेच सांगायला बोलावत असतील. अंगावर जीन्स, कपडे बदलायलाही वेळ नाही. तसाच गेला. आणि आत गेल्यावर कळलं की युनायटेडचा पुढचा मॅनेजर तूच आहेस. ‘येशील का’ असं नव्हे, ‘तूच आहेस’!

जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एका क्लबची सर्वात मोठी खुर्ची, आणि इंटरव्ह्यू झाला तो असा. आपल्याकडे ज्युनिअर एक्झिक्युटिव्हच्या पोस्टसाठीसुद्धा तीन राउंड होतात हो!

आता फर्ग्युसनची बाजूही ऐकायला हवी. २०१५ मध्ये आलेल्या ‘लीडिंग’ या पुस्तकात त्यांनी सांगितलंय की इतर नावांचा विचार झाला होता. मोरिन्हो चेल्सीला शब्द देऊन बसला होता. अ‍ॅन्चेलॉट्टी रियाल माद्रिदच्या वाटेवर होता. क्लॉप डॉर्टमुंड सोडायला तयार नव्हता आणि व्हान गाल नेदरलँड्सला वर्ल्ड कपला घेऊन जाणार होता. राहता राहिला पेप गार्डिओला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फर्ग्युसन त्याच्याबरोबर जेवले आणि म्हणाले, दुसऱ्या कुणाला हो म्हणण्याआधी मला एक फोन कर. पेपचा फोन काही आला नाही. तो बायर्न म्युनिकला गेला. पुढे कधीतरी पेपने हसत हसत सांगितलं की आपलं इंग्लिश तितकंसं चांगलं नाही, फर्ग्युसन भरभर बोलले की समजायला अवघड जातं.

हा किस्सा सगळे जोक म्हणून सांगतात. मला मात्र त्यातच सगळी मेख दिसते. फर्ग्युसनना उघड विचारता आलंच नाही, कारण आपण जाणार हे त्यांना कुणाला सांगायचंच नव्हतं. खुर्ची रिकामी होणार आहे हे न सांगता त्या खुर्चीसाठी माणूस कसा शोधणार?

दूधाने तोंड पोळलं होतं

आणि सांगायचं नव्हतं, त्यालाही कारण होतं. २००१ मध्ये त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. २००१-०२ हा आपला शेवटचा सीझन, असं आधीच जाहीर केलं आणि टीम अशी काही सैलावली की बस. बॉस चाललाय म्हटल्यावर कोण कशाला घाबरतंय? (मे महिन्यात अप्रेझल होऊन गेल्यावर आपली जी अवस्था असते, तीच.) तिकडे क्लबने इंग्लंडचा तेव्हाचा कोच स्वेन-गोरान एरिक्सनशी बोलणी सुरू केली होती. ती जवळपास पक्की झाली होती, असं एरिक्सननेच नंतर सांगितलं. पण ख्रिसमसच्या दिवशी फर्ग्युसनची बायको कॅथी आणि मुलं यांनी मिळून घरातच ठराव पास केला. रिटायरमेंट कॅन्सल! फेब्रुवारी २००२ मध्ये तसं जाहीर झालं. तरी तो सीझन तिसऱ्या नंबरवरच संपला आणि आर्सेनलने लीग जिंकली ती चक्क ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन. तारीख होती ८ मे. बरोबर अकरा वर्षांनी, त्याच तारखेला, फर्गी खरोखरचे गेले.

तेव्हा २०१३ मध्ये ते ताक फुंकून प्यायले. कॅथीची बहीण वारली, आता बायकोला वेळ द्यायला हवा असं त्यांनी २०१२ च्या डिसेंबरमध्येच मनाशी ठरवलं होतं. पण जगाला सांगितलं मेमध्ये, लीग खिशात घातल्यावर. टीमने शेवटपर्यंत जीव तोडून खेळ केला आणि अकरा पॉइंट्सनी लीग जिंकली. त्याची किंमत पुढच्या माणसाने मोजली.

आणखी एक घोळ झाला, ज्याबद्दल कमी बोललं जातं. क्लबचे चीफ एक्झिक्युटिव्ह डेव्हिड गिल त्याच उन्हाळ्यात पद सोडून गेले. म्हणजे प्लेयर कुणाला म्हणतात, कुठल्या एजंटला किती लांब ठेवायचं, हे ज्या दोन डोक्यांत होतं, ती दोन्ही डोकी एकाच वेळी बाहेर! त्यात मॉइसने फर्ग्युसनचे कोच माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि एरिक स्टील यांना जाऊ दिलं आणि एव्हर्टनची आपली माणसं आणली. केटी द्यायला ऑफिसात कुणी उरलंच नाही.

पुढे काय झालं ते युनायटेडवाल्यांना सांगायला नको, आणि लिव्हरपूलवाल्यांना तर तोंडपाठ आहे. स्ट्रेटफर्ड एंडला ‘निवडलेला एकमेव’ अशा अर्थाचं बॅनर लागलं होतं. मार्चमध्ये तोच शब्द फिरवून ‘चुकीचा माणूस’ म्हणणारं बॅनर घेऊन विमान डोक्यावरून गेलं. फुलहॅमविरुद्ध ८१ क्रॉस मारले आणि मॅच २-२. प्रत्येक गोलनंतर कॅमेरा हमखास वर वळायचा, जिथे फर्ग्युसन डायरेक्टर्सच्या खुर्च्यांत बसलेले असायचे. समोरच्या स्टँडला त्यांचं नाव, स्टँडबाहेर त्यांचाच पुतळा! अशा मैदानावर तुम्ही चीज करून दाखवा बरं.

२२ एप्रिल २०१४ ला मॉइसला काढलं. ५१ मॅचेस. आदल्या वर्षी ८९ पॉइंट्सवर चॅम्पियन असलेली टीम ६४ वर, सातव्या नंबरावर. मॉइसने सोडलेली एव्हर्टन ७२ वर, पाचव्या! मॉइस काही अडाणी माणूस नव्हता. याच गृहस्थाने २०२३ मध्ये वेस्ट हॅमला युरोपियन ट्रॉफी जिंकून दिली. पण त्याला मिळालेली टीम म्हातारी होत चालली होती. फर्डिनंड चौतिशीत, गिग्ज एकोणचाळीसचा, स्कोल्स रिटायर. फर्ग्युसन त्या टीमकडून लीग काढू शकत होते, कारण ते फर्ग्युसन होते. असा माणूस जातो तेव्हा सगळं ठीक चाललंय असं वरवर दिसतं, पण खाली भेगा असतात आणि त्या नव्या माणसाच्या नावावर जमा होतात.

घरातला की बाहेरचा?

मग घरातलाच माणूस घ्यायला हवा होता का? दादाचं तेव्हा तेच मत होतं. त्यासाठी तो बिल शँक्लीचं उदाहरण द्यायचा, लिव्हरपूलचं असूनही. (एवढा प्रामाणिक युनायटेड फॅन दुसरा नसेल.) १९७४ च्या जुलैमध्ये शँक्लीने अचानक राजीनामा दिला, तेव्हा लिव्हरपूलने जाहिरात वगैरे दिली नाही. अ‍ॅनफिल्डवर बूट ठेवायची एक छोटीशी खोली होती. तिथे कोच लोक मॅच झाली की बसायचे, प्यायचे, गप्पा मारायचे, कोण दमलाय, कुणाचा गुडघा दुखतोय याच्या नोंदी ठेवायचे. त्या ‘बूट रूम’मधल्या बॉब पेस्लीला त्यांनी पुढे केलं. तो ५५ वर्षांचा, अबोल, आणि त्याला हे पद नकोच होतं. नऊ सीझनमध्ये त्याने सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले! त्याच्यानंतर त्याच खोलीतला जो फेगन आला आणि पहिल्याच वर्षी तीन ट्रॉफ्या घेऊन गेला.

ऐकायला मस्त वाटतं. पण युनायटेडनेही हेच करून पाहिलं होतं, तेही लिव्हरपूलच्या आधी. १९६९ मध्ये सर मॅट बस्बी थांबले आणि घरातल्याच विल्फ मॅकगिनेसला पुढे केलं. वय अवघं ३१. ज्यांच्याबरोबर काल खेळला त्यांनाच आज टीमबाहेर बसवायचं! आणि बस्बी क्लबमध्येच, हाकेच्या अंतरावर. १९७० च्या डिसेंबरमध्ये मॅकगिनेसला हटवून बस्बी परत खुर्चीत. १९७४ मध्ये, म्हणजे पेस्लीने सूत्रं हाती घेतली त्याच वर्षी, युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेली.

म्हणून घरचा-बाहेरचा हा वाद मला फसवा वाटतो. पेस्लीच्या पाठीशी ती खोली होती, मॅकगिनेसच्या पाठीशी नुसताच बस्बी.

क्लॉपने लवकर सांगितलं

आता या २०२४ मध्ये. युर्गन क्लॉपने लिव्हरपूलच्या मालकांना आपण जाणार असल्याचं नोव्हेंबर २०२३ मध्येच सांगून टाकलं होतं आणि जगाला २६ जानेवारी २०२४ ला सांगितलं. एनर्जी संपत चाललीय, असं कारण दिलं. (हे कारण आपण कधी राजीनाम्यात लिहू शकू?) फर्ग्युसनची २००१ ची भीती थोडीफार खरीही ठरली. फेब्रुवारीत पोरासोरांची टीम उतरवून लीग कप जिंकला खरा, पण जानेवारीत टॉपला असलेली टीम लीगमध्ये तिसरी आली. मात्र क्लबच्या हातात महिने होते.

त्या महिन्यांत त्यांनी काय केलं? आधी मॅनेजर शोधलाच नाही. मॅनेजर शोधणारी माणसं आणली. जुना जाणकार मायकेल एडवर्ड्स मार्चमध्ये परत आला, त्याने बोर्नमथहून रिचर्ड ह्यूज यांना स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून घेतलं. सगळ्या फॅन्सना हवा होता झाबी अलोन्सो, लिव्हरपूलचाच जुना हिरो. त्याने लेव्हरकुझेनमध्येच थांबायचं ठरवलं. मग फेयेनूर्डचा आर्ने स्लॉट आला. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. पण त्याची टीम क्लॉपसारखीच बॉलसाठी पुढे घुसून खेळायची, म्हणजे प्लेयरना सगळं पहिल्यापासून शिकवायची गरज नव्हती.

अजून एक बारीक गोष्ट. स्लॉटच्या कॉन्ट्रॅक्टवर पद लिहिलं होतं ‘हेड कोच’, मॅनेजर नव्हे. क्लॉपची खुर्ची त्याला जशीच्या तशी दिलीच नाही. तिचे दोन-तीन स्टूल केले. टीम खेळवायची ती तू, प्लेयर आणायचे ते आम्ही. त्या उन्हाळ्यात टीममध्ये खेळायला एकटा कियेसा आला, आणि तरी २७ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमला ५-१ उडवून लिव्हरपूल चॅम्पियन, चार मॅचेस शिल्लक ठेवून!

क्लॉपने अ‍ॅनफिल्डवरच्या शेवटच्या दिवशी काय केलं, ते आठवतंय? माइक हातात घेऊन अख्ख्या स्टेडियमकडून स्लॉटच्या नावाचं गाणं म्हणून घेतलं. फर्ग्युसननेही २०१३ मध्ये माइकवर सांगितलं होतं, नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहा. फरक इतकाच की त्यानंतर क्लॉप दर शनिवारी वरच्या खुर्चीत दिसला नाही.

यात अर्थात नशीबही असतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हीच लिव्हरपूल ओळीने चार लीग मॅचेस हरली आणि हेच फॅन स्लॉटच्या नावाने बोटं मोडू लागले. प्लॅनिंगने पहिलं वर्ष निभतं. दुसऱ्या वर्षी ज्याचं त्याने बघायचं.

मधल्या बाकावरची मॉइस

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझी एक मैत्रीण. लोअर परळला एका बँकेत आहे. तिचा बॉस म्हणजे तिथला फर्गी. नऊ वर्षं एकच टीम, सगळे क्लाएंट त्याला नावाने ओळखणारे. त्याने गेल्या दिवाळीनंतर राजीनामा दिला आणि हिला खुर्ची मिळाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं, केक कापला. तिसऱ्या महिन्यात ती मला म्हणाली, ‘‘मीटिंगमध्ये मी काही बोलले की सगळे एकमेकांकडे बघतात. सर असते तर काय म्हणाले असते, हे चेहऱ्यावर लिहिलेलं असतं गं.’’

तिला फुटबॉल कळत नाही, तरी मी तिला मेलवूडची गोष्ट सांगितली. रिटायर झाल्यावर शँक्लीला घरी करमेना. तो रोज सकाळी लिव्हरपूलच्या ट्रेनिंग ग्राउंडवर हजर व्हायचा. प्लेयर सवयीने त्यालाच ‘बॉस’ म्हणायचे आणि बिचारा पेस्ली बाजूला उभा. शेवटी क्लबलाच त्याला सांगावं लागलं की आता येऊ नका. ज्याने तो क्लब उभा केला, त्याला! शँक्लीला ते फार लागलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग फोन काढून तिने मला टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दाखवला. सर अजून ग्रुपमध्ये होते. अ‍ॅडमिनही तेच.

‘‘काढू?’’ तिने विचारलं.

मी म्हटलं, ‘‘आधी त्यांना फोन कर.’’