वाळूला वजन सोसत नाही

माझ्या टेबलावर एक गंजलेला लोखंडी हूक आहे. घरी येणारे विचारतात, हा कशाला जपून ठेवलाय? मी म्हणतो, तो माझा गुरू आहे. आज त्याची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या निमित्ताने एक जुनी पिकअप गाडी वाळवंटात चालण्यासाठी कशी तयार करतात, हेही.

मी मूळचा चिपळूणचा. नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे ओमानची राजधानी मस्कत इथे होतो. काम वर्कशॉपमधले, त्यामुळे हात सदा ग्रीसने माखलेले. 2003 साली मी तिथे एक जुनी टोयोटा हायलक्स पिकअप विकत घेतली. 1994 चे मॉडेल, 2.4 लिटरचे पेट्रोल इंजिन, जेमतेम शंभर अश्वशक्तीचे. चारही चाकांना जोर देण्याची सोय होती आणि पुढे-मागे दोन्हीकडे पाटे होते. दिसायला ओबडधोबड, पण एखादा भाग बिघडला तर पाना घेऊन रस्त्याकडेला बसून दुरुस्त करता येईल, अशी.

मस्कतपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर शर्किया वाळवंट आहे. पूर्वी त्याला वहिबा म्हणत. उत्तर-दक्षिण सुमारे 180 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 80 किलोमीटर पसरलेली वाळू. काही टेकड्या शंभर मीटर उंच. गंमत म्हणजे या टेकड्या रचल्या त्या मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी. आपल्या कोकणात धो धो पाऊस आणणारा तोच वारा तिथे पाण्याचा थेंब न देता वाळूचे डोंगर उभे करतो. त्या काळी ओमानमध्ये गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. 2013 पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. गुरुवार उजाडला की आम्ही चार-पाच सहकारी वाळवंटाकडे निघायचो.

गाडी घेतल्यावर मी जे केले, ते बहुतेक हौशी माणसे करतात. दुकानात जे जे मिळेल ते गाडीवर चढवले. पुढे-मागे जाड लोखंडी बंपर, हौद्यावर कॅरिअर, ओढयंत्र, दोन जादा चाके, पेट्रोलचे डबे, अवजारांची लोखंडी पेटी. वजनाने मागची बाजू बसली, म्हणून पाट्यांत दोन जादा पाने घातली. टायर घेतले ते चिखलासाठीचे, खोल नक्षीचे, कारण ते रुबाबदार दिसत. आणि मागच्या बंपरला टोचनासाठी एक हूक मी स्वतः, माझ्या हाताने, वेल्डिंग करून बसवला. तोच हा टेबलावरचा हूक.

2005 च्या जानेवारीतली गोष्ट. एका केरळी सहकाऱ्याची गाडी वाळूत धुऱ्यापर्यंत रुतली. गाडीत त्याची बायको आणि बारा वर्षांची मुलगी. मी मोठ्या ऐटीत माझी पिकअप पुढे लावली, ताणला जाणारा नायलॉनचा दोर दोन्ही गाड्यांना बांधला. तेवढ्यात जवळून एक वयस्कर बदू आपल्या जुन्या पिकअपमधून चालला होता, तो थांबला. हौद्यात तीन बकऱ्या. त्याने दोराकडे पाहिले, माझ्या हुकाकडे पाहिले आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, ''आधी सगळ्यांना उतरव. लांब उभं कर.'' मला राग आला. पण वडीलधाऱ्या माणसाचे ऐकले. मुलगी आणि तिची आई उतरून बाजूला टेकडीवर गेल्या. सहकारी तेवढा स्टिअरिंगवर राहिला.

मी गाडीला झटका दिला. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा जरा वेग घेतला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. हूक बंपरसकट पत्रा फाडून निघाला आणि ताणलेल्या दोराने तो गोफणीतल्या धोंड्यासारखा मागे फेकला. मागच्या गाडीची काच फोडून तो उजव्या सीटच्या पाठीत रुतला. तिथे गाड्या डाव्या हाताच्या असतात. सहकारी डावीकडे होता म्हणून वाचला. उजव्या सीटवर पाच मिनिटांपूर्वी त्याची मुलगी बसलेली होती.

कुणी काही बोलले नाही. म्हातारबाबांनी रुतलेल्या गाडीच्या चाकांतली हवा सोडायला सुरुवात केली. मग गुडघे टेकून चाकांपुढची वाळू दोन्ही हातांनी उपसली आणि सहकाऱ्याला सांगितले, हळू मागे घे, आलास त्याच चाकोरीतून. गाडी आपल्या पायाने बाहेर आली. दोर लागलाच नाही. जाताना त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, ''एवढं सगळं घेऊन कुठे निघालास? घर बदलतोयस का?''

दुसऱ्या आठवड्यात मी गाडी वजनकाट्यावर नेली. माणसे आणि सामान धरून 2 टन 180 किलो. शंभर अश्वशक्तीच्या बिचाऱ्या इंजिनावर मी केवढे ओझे लादले होते! त्या दिवसापासून गाडी 'बनवायला' खऱ्या अर्थाने सुरुवात झाली, आणि सुरुवात झाली ती काढण्यापासून. बंपर, कॅरिअर, ओढयंत्र, जादा डबे, एक चाक, लोखंडी पेटी. 380 किलो उतरले.

आता थोडे गणित, पण सोपे. भरलेली गाडी 1800 किलोची धरा, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे 450 किलो. टायरमध्ये 35 पौंड हवा असेल, तर चाक जमिनीला जेवढे टेकते ती जागा साधारण 180 चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे जेमतेम दीड पोस्टकार्ड. हवा 15 पौंडांवर आणली, की तीच जागा 430 च्या घरात जाते. जवळजवळ साडेतीन पोस्टकार्डे. वजन तेच, पण ते पसरले. उंटाचा पाय वाळूवर टेकताना पसरतो, तसाच हा प्रकार. टायर रुंदीपेक्षा लांबीने जास्त पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. म्हणूनच वाळवंटात सर्वांत महत्त्वाचे अवजार कोणते, तर हवेचे मीटर आणि परत हवा भरायचा छोटा पंप. फारच मऊ वाळूत 12 पौंडांपर्यंत उतरता येते. दहाच्या खाली गेलात, तर वळणावर टायर रिममधून सुटण्याची भीती. आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरायची. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

चिखलाचे टायरही मी काढले. खोल नक्षी चिखलात पकड देते. कोरड्या वाळूत तीच नक्षी फावड्यासारखी खणत जाते आणि गाडी स्वतःचा खड्डा स्वतः खोदते. साधारण नक्षीचा, मऊ बाजूंचा टायर बरा. मी मूळच्यापेक्षा थोडे मोठे, 31 इंचांचे टायर घातले. त्याचीही किंमत असते. चाकाचा घेर सहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे चढावर इंजिनाला तेवढा जोर कमी पडणार. शिवाय काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 ने पळत असते.

पाट्यांतली जादा पाने काढली. पिकअपचे पाटे मुळात माल वाहण्यासाठी असतात; रिकाम्या हौद्याने त्या आधीच उड्या मारतात. चाक हवेत असेल तर ते जोर लावणार कुठे? पाटे मऊ हवेत आणि शॉकअप चांगले. लाटांसारख्या वाळूवर शॉकअपमधले तेल तापते आणि तासाभरात ते नुसते नळकांडे उरते. म्हणून पैसे खर्च करायचे तर इथे करावेत.

मग इंजिन. जुन्या गाडीत सर्वांत आधी रबरी नळ्या, पट्टे आणि रेडिएटर बदलावेत. मी जाड, तीन थरांचा तांब्या-पितळेचा रेडिएटर बसवला. वाळूत गाडी कमी वेगाने, जास्त जोराने चालते, त्यामुळे वारा लागत नाही आणि उष्णता मात्र भरपूर. वारा पाठीमागून असेल तर आणखी वाईट. काटा चढू लागला, की गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून, इंजिन चालू ठेवून थांबायचे. हवेचा फिल्टर रोज झटकायचा, कारण बारीक धूळ आत गेली तर सिलिंडर सहाणेवर घासल्यासारखे झिजते.

हे शहाणपण नवे नाही. राल्फ बॅग्नॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1920 च्या दशकात साध्या फोर्ड मोटारी घेऊन इजिप्तपलीकडचे वाळवंट पालथे घातले. 1940 मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. पुढे या दलाबरोबर हिंदी सैनिकांचीही एक तुकडी होती. सुरुवातीचे त्यांचे शेव्हरोले ट्रक फक्त मागच्या चाकांवर चालणारे. त्यांनी दारे, टप, पुढच्या काचा काढून टाकल्या, टायरची हवा कमी केली, रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या घेतल्या. रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून ती नळीने पाण्याच्या डब्यात सोडली. इंजिन थंड झाले की तेच पाणी परत आत ओढले जाई. याच बॅग्नॉल्डने 1941 मध्ये वाळू वाऱ्याने कशी सरकते यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो शास्त्रज्ञ अजूनही वापरतात.

शेवटी हुकाकडे येतो. रुतलेली गाडी ओढताना दोरावर क्षणभर काही टनांचा ताण येतो. बंपरचा पत्रा तो सोसत नाही आणि घरगुती वेल्डिंगही नाही. हूक थेट चॅसीला, उच्च ताकदीच्या बोल्टांनी आवळलेला हवा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही बांधू नये. तो तुटून माणसे मेली आहेत. ओढण्याआधी हवा कमी करा, वाळू उपसा, आणि ओढायचेच असेल तर बघ्यांना दोराच्या लांबीच्या निदान दुपटीइतके दूर पाठवा. शक्यतो एकट्या गाडीने जाऊच नका, आणि पाणी मात्र कधी 'जादा वजन' म्हणून कमी करू नका. माझ्या गाडीत चाळीस लिटर असे.

2011 साली परत येताना मी ती पिकअप विकली. आता कोकणात राहतो. सुट्ट्यांत हौशी मंडळी गाड्या समुद्राच्या वाळूत घालतात आणि रुततात. खरे तर किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. पण रुतलीच आणि भरती येऊ लागली, की धांदल उडते. कुणीतरी दोर आणतो, तो दिसेल त्या कडीला बांधतो आणि पोरे कौतुकाने भोवती जमतात. मी तिथे असलो, तर आधी मोठ्याने ओरडतो, ''सगळे लांब व्हा!'' लोकांना माझा राग येतो. मलाही तेव्हा त्या म्हातारबाबांचा आला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)