मूड नाही म्हणता? चला नांदेड-लातूरला!

लिहायला मूड लागतो, निवांत वेळ लागतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा नांदेड-लातूरची एसटी पकडावी.

सुरुवात अर्थातच नरहर कुरुंदकरांपासून. नांदेडकरांचे कुरुंदकर गुरुजी. इंटरला पुन्हा पुन्हा नापास! पण परीक्षेनं दगा दिला म्हणून वाचन थांबलं नाही. आधी शाळेत मास्तरकी केली आणि पुढे 1950 साली निघालेल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवचरित्र, कशावर म्हणून लिहायचं सोडलं नाही. रणजित देसाईंना त्यांनी एक लांबलचक पत्र धाडलं, तेच देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. आजही कित्येक जण कादंबरीआधी त्या पत्राचं कौतुक करतात. (आम्हीही त्यातलेच.) 10 फेब्रुवारी 1982 रोजी गुरुजी गेले, तेव्हा वय अवघं 49.

लक्ष्मण गायकवाडांची तर सुरुवातच उणेपासून. लातूर तालुक्यातलं धनेगाव, जमातीवर इंग्रजांनी मारलेला ‘गुन्हेगार’ हा शिक्का आणि घरात शाळेची पायरी चढणारे हे पहिलेच. पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामगार. लिहिण्याची खोली, टेबल, दिवा असले लाड कुठले! पहिलंच पुस्तक ‘उचल्या’ 1987 साली आलं आणि 1988 साली त्याला थेट साहित्य अकादमी पुरस्कार.

नांदेडचे शेषराव मोरे अभियांत्रिकी शिकवायचे. अभ्यासाला वेळ पुरेना, म्हणून नोकरीच सोडली. जाडजूड ग्रंथांची रांग लावली आणि 2015 साली अंदमानातल्या विश्व साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

लातूरचे जनार्दन वाघमारे मात्र काहीच न सोडणाऱ्यांतले. शाहू कॉलेजचे प्राचार्य, नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, लातूरचे नगराध्यक्ष, मग राज्यसभेचे खासदार. एवढ्या व्यापातही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर लेखन!

आणि लातूर जिल्ह्यातलं उदगीर? एप्रिल 2022 मध्ये, ऐन उन्हाळ्यात, या एकाच गावात अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही साहित्य संमेलनं भरली.

जाता जाता एक विलायती तोंडीलावणं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपालखात्यात नोकरीला. कामावर जाण्याआधी, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला 250 शब्द लिहायचे. म्हणजे हा अख्खा लेख त्यांचा जेमतेम पंधरा मिनिटांचा माल. आमच्या संपादकांना एवढं तेवढं कळवू नका!