जुनी छोटी गाडी वर्षानुवर्षं चालवायची तर

जुनी वॅगन आर किंवा ऑल्टो बघायला गेलं की मालक आधी सांगतो, ‘रनिंग एकदम कमी आहे.’ आपण त्यावर भाळू नये. मुंबईत एलबीएस रोडला अडकलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. इंजिन आणि क्लच मात्र झिजत राहतात. उपनगरातल्या गाडीचं वय महिन्यांत मोजावं.

आधी गाडीत पाणी शिरलं होतं का ते बघावं. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात भरतो, सोसायट्यांच्या आवारातही पाणी चढतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. विकण्याआधी गाडी चकाचक धुतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्यावरचा मातीचा डाग तसाच राहतो. मग स्टेपनी उचलून खालचा गंज बघावा. चिखल सापडला तर किंमत कितीही उतरवली तरी गाडी सोडावी.

मग इंजिन थंड असताना स्वतः चावी मारावी. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन खोड लपवतं.

कागदपत्रांत लोक सर्वाधिक फसतात: पैसे देतात आणि नाव बदलायचं एजंटवर सोडतात. फॉर्म 29 आणि 30 वर विक्रेत्याच्या सह्या समोर घ्याव्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवाच. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्यावीत. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करावा; जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून 5 वर्षांसाठी वाढते. 12 वर्षांची गाडी घेताना हे ध्यानात असावं.

गाडी दारात आली की तारखा लिहून ठेवाव्यात. इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावंच, गाडी फार चालली नसली तरी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी नवं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी झाला की नळाचं पाणी ओतू नये. रेडिएटर आतून गंजतो. सीएनजी असेल तर टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी. आणि ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून बसू नये. क्लचप्लेट त्यानेच लवकर जाते.

पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. पावसाळ्याआधीच ते घ्यावं आणि टोइंगवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये ठेवावा.