‘पोलरायझिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळाच्या कार्यक्रमांची बैठक या वर्षी आमच्या घरी होती. एका मैत्रिणीने सुचवलं, ‘घाशीराम कोतवाल’ बसवू या. लगेच कोणीतरी म्हणालं, ‘‘नको बाई, टू पोलरायझिंग!’’ मी एके काळी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे. मी लिहिलं, ‘सदर नाटक फूट पाडणारे आहे असे मत मांडण्यात आले.’ ईमेल सगळ्यांना गेली आणि मैत्रिणीचे फोन बंद झाले. तीन आठवड्यांनी तिसरीकडूनच कळलं, ‘‘मी मंडळात फूट पाडते, असं तिने लेखी दिलंय.’’

मग मी शब्दकोश उघडला. (आधीच उघडायला हवा होता.) ‘पोलरायझेशन’ हा तर मेरियम-वेब्स्टरने 2024 सालचा शब्द म्हणून निवडलेला. त्याचा अर्थ साधारण असा, की मतं एका रेषेवर इकडेतिकडे पसरलेली न राहता दोन टोकांना जाऊन गोळा होतात. मधली जागा ओस पडते. ‘वादग्रस्त’ म्हटलं तर वाद आहे एवढंच कळतं. ‘थोडं पटतं, थोडं नाही’ म्हणणारेही त्यात असतात. ‘फूट पाडणारं’ म्हटलं की कोणाच्या तरी हेतूवर बोट ठेवलं जातं. ‘पोलरायझिंग’मध्ये तो आरोप असेलच असं नाही. इथे कोथिंबीरसुद्धा पोलरायझिंग म्हणवते! काही जणांना तिची चव चक्क साबणासारखी लागते आणि त्यामागे वास ओळखणाऱ्या एका जनुकाचाही हात असतो. आमची शेजारीण त्यातलीच. माझी कोथिंबीरवडी तिने हुंगून खाली ठेवली. आता यात कोथिंबिरीचा काय हेतू?

मराठीत ‘ध्रुवीकरण’ आहे, पण त्याला निवडणुकीचा वास येतो. शिवाय आपला ध्रुव आकाशात एकटा, अढळ. लग्नात नवरानवरीला दाखवायचा. त्याच्यापासून भांडणाचा शब्द तयार व्हावा, ही गंमतच.

‘घाशीराम’ला मात्र तो इंग्रजी शब्द नेमका बसतो. विजय तेंडुलकरांचं हे नाटक 1972 साली पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. कोणाला त्यात नाना फडणवीसांची आणि ब्राह्मणांची बदनामी दिसली, कोणाला मराठी रंगभूमीवर असं काही पूर्वी झालंच नाही असं वाटलं. संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा बाहेर पडलेल्या मंडळींनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. 1980 साली युरोप दौऱ्यालाही विरोध झाला, तरी नाटक गेलं. ‘बरं आहे’ म्हणणारा प्रेक्षक मला अजून भेटायचाय.

मी दुरुस्तीची ईमेल पाठवली: ‘या नाटकावरून प्रेक्षकांत दोन तट पडतात.’ मग मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘हे आधी लिहिलं असतंस तर?’’ मग थोडा वेळ दोघी गप्प. ‘‘निदान अभिवाचन तरी करू या का?’’ असं तिनेच विचारलं.

पुढच्या बैठकीत मत घेतलं. हो सात, नको सहा. तटस्थ एकही नाही.