संकटाच्या घडीला वाचायचा कागद

वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो. कोकणात निघालेल्या बसगाड्या, किनाऱ्याकडे धावणारी पर्यटकांची वाहने आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याचे अवजड ट्रक, सारे याच परिसरात एकमेकांना भेटतात. अपघात झाला की पहिली धाव रस्त्याकाठच्या दुकानदारांची असते. रुग्णवाहिका त्यानंतर पोहोचते. अनुकंपा समाजात भरपूर आहे. मात्र दहा माणसे जमतात तेव्हा दहाही जण जखमीभोवती वाकतात आणि १०८ क्रमांकावर फोन दुसऱ्या कोणीतरी केला असेल, असे प्रत्येकाला वाटते.

नामांकित रुग्णालयांतील निष्णात डॉक्टरही या गोंधळातून सुटलेले नाहीत. त्यावरचा उपाय जगापुढे मांडणाऱ्यांत डॉ. अतुल गवांदे अग्रभागी होते. अमेरिकेत वाढलेल्या या शल्यविशारदाचे वडील विदर्भातील उटी या खेड्यातले. गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक पानाची, १९ मुद्द्यांची तपासणी-सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने वाचायची. त्यातला एक मुद्दा क्षुल्लक भासतो: प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. परंतु एकदा नाव उच्चारलेली परिचारिका पुढे डॉक्टरांची चूक दिसताच बोलण्यास कचरत नाही. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

मुहपत्तीचे पडिलेहण करताना ५० बोल क्रमाने मनात आणणाऱ्या श्रावकाला यात नवल वाटू नये. रोजची क्रियासुद्धा केवळ सवयीवर सोडू नये, ही दृष्टी तिथेही आहेच.

रोजच्या शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी, आणि हृदय एकाएकी बंद पडते किंवा रक्तस्राव थांबत नाही त्या क्षणाची वेगळी. गवांदे यांच्या सहकाऱ्यांनी १७ शल्यपथकांपुढे अशी १०६ कृत्रिम संकटे उभी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सूचनापत्र हाती नसताना जीव वाचवणाऱ्या कृतींपैकी २३ टक्के राहून गेल्या; हाती असताना केवळ ६ टक्के. भीतीने स्मरण आखडते, कागद मात्र घाबरत नाही. तो वाचण्याचे काम एकाकडेच असावे आणि त्याने दुसरे काही हाती घेऊ नये, हे उत्तम.

कागदाची मर्यादाही सांगितली पाहिजे. उत्तर प्रदेशातील १२० प्रसूतिकेंद्रांच्या अभ्यासात निम्म्या केंद्रांना अशीच सूची दिली गेली. परिचारिकांचे काम सुधारले, तरी माता-बालकांच्या मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही, असे २०१७ साली दिसून आले. औषध, रक्त आणि कुशल हात यांची उणीव भिंतीवरचा तक्ता भरून काढू शकत नाही.

तरीही वडखळ, पेण, नागोठणे या पट्ट्यातील पेढ्यांना आणि उपाश्रयांना हा विचार परका नाही. महामार्गावरून पहाटे पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वीजींना वाहनाने ठोकरल्याच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. सोबतच्या विहारसेवकांपाशी बॅटरी आणि चमकणारे जाकीट असते. त्यात एका पानाची भर घालता येईल. एकाने १०८ ला फोन करावा आणि ठिकाण नेमके सांगावे: नाक्यापासून किती अंतरावर, पनवेलच्या बाजूला की गोव्याच्या. दुसऱ्याने मागून येणारी वाहने थांबवावीत. तिसऱ्याने वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. आणखी धोका नसेल तर जखमीला उचलू नये, मान हलवू नये, पाणी पाजू नये. ही कामे कोणाची, हे विहार सुरू होण्यापूर्वीच नावानिशी ठरावे. पोलिसांच्या चौकशीच्या भयाने मागे राहणाऱ्यांसाठी २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम १३४-अ आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास ते संरक्षण देते.

दुकानात हा तक्ता लावायचा तर तो गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी नको. रस्त्याकडच्या दारापाशी, ठळक अक्षरांत, हमालालाही वाचता येईल अशा मराठीत आणि हिंदीत असावा. शेठ वसुलीला बाहेरगावी गेलेले असतील, तेव्हा तो वाचणारा कदाचित तोच असेल.