भोवरा पाहावा की पाय?

मैत्रिणींनो, मुलीला चित्रकलेच्या वर्गाला घातले तर कोणी काही विचारत नाही. पण "आमची घोड्यावर बसायला शिकते" म्हटले, की समोरची बाई आधी मुलीकडे आणि मग आपल्याकडे बघते! माझ्या बारा वर्षांच्या लेकीने इथे जळगावात मुलांच्या रायडिंग क्लबात नाव घातले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हातपाय मोडून घेतलेस तर उद्या तुला करणार कोण?" मलाही धाकधूक होतीच. अर्धवेळ शाळा आणि घर सांभाळून हे नवे लचांड कशाला, असेही वाटले.

पहिले काही दिवस तर बाईसाहेबांना घोड्यावर बसूच दिले नाही. खरारा करायचा, खुरांतली माती काढायची, लीद उचलायची. घरी स्वतःचे ताट न उचलणारी माझी लेक तिथे मुकाट्याने पाटी उचलायची! मग सरांनी घोडा 'बघायला' शिकवले. अमेरिकेत फोर-एच नावाची मुलांची मंडळे आहेत. तिथे चार घोडे एका ओळीत उभे करतात. मुलांनी त्यांचे क्रम लावायचे आणि मग परीक्षकापुढे उभे राहून कारणे सांगायची. नुसते "मला आवडला" चालत नाही. सरांनी हीच रीत घेतली होती. दर रविवारी लेक वहीत क्रम आणि कारणे लिहून आणी.

या वहीचा उपयोग आम्हाला सारंगखेड्याला झाला. तापीकाठचे हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. कानांची टोके एकमेकांना टेकवणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडे पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. माझे माहेर धुळ्याचे. दादा शेती करतो आणि लग्नसराईत वरातीसाठी घोडी भाड्याने देतो. जुनी घोडी थकली होती, म्हणून कर्ज काढून नवी घ्यायची होती. आम्हीही दोंडाईचामार्गे त्याच्याबरोबर गेलो.

दादाला एक पंचकल्याणी घोडी पसंत पडली. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. शिवाय गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा. वहिनीने तर मनातल्या मनात ओवाळलेसुद्धा! शेजारी एक साधी तांबूस घोडी होती. तिची किंमत बरीच कमी, कारण डोळ्याखाली भोवरा. असला भोवरा मालकाला आसवे गाळायला लावतो, अशी समजूत आहे.

लेक हळूच म्हणाली, "मामा, तिला दुडकीवर पळवून दाखवायला सांगा ना. दोरी सैल सोडून, कडक जमिनीवर."

"तुले काय समजस?" दादा हसला. पण भाचीचा हट्ट त्याने मोडला नाही. पंचकल्याणी पळाली आणि दर दुसऱ्या पावलाला तिची मान वर उडू लागली. पुढचा पाय दुखरा असला, की तो टेकताना घोडा मान वर उचलतो. उभी असतानाही ती एक पुढचा पाय पुढे काढून ठेवत होती. मागचा पाय सैल सोडणे ही घोड्याची विश्रांती, पण पुढचा पाय असा वाचवणे म्हणजे दुखण्याची शंका. विकणाऱ्यालाही कदाचित हे ठाऊक नसेल. तांबूस घोडी मात्र सरळ पळाली. तिचे खूर जोडीला जोड सारखे, पायांना सूज नाही, हात लावला तर गरम लागत नाहीत.

मग दात पाहिले. घोड्याचे मधले दुधाचे दात सुमारे अडीच वर्षांनी पडून पक्के येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. पाच वर्षांचा घोडा पूर्ण दाती. पुढे दात झिजत जातात, त्यावरून अंदाजच करायचा. तांबूस घोडी पूर्ण दाती, पण तरुण होती.

"पण भोवरा?" वहिनीने विचारले.

मैत्रिणींनो, तेव्हा मला राहवले नाही. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत. लग्नाआधी एका घरच्या मंडळींनी कांदेपोहे खाल्ले, माझा अंबाडा सोडायला लावला आणि निरोप पाठवला, की दोन भोवऱ्यांच्या मुलीची दोन लग्ने होतात. माझे बी.ए., माझा स्वभाव, काहीच कोणी पाहिले नाही. त्या रात्री आई किती रडली, ते दादाला ठाऊक आहे. मी फक्त एवढेच म्हटले, "दादा, भोवऱ्याने माणूस लंगडत नाही, घोडीही नाही." तो काही बोलला नाही. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून तपासून घेतली आणि तांबूस घोडी धुळ्याला आली.

तुमच्या मुलांना पाठवायचे असेल, तर आधी वर्ग स्वतः पाहून या. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हेल्मेट आहे का? नवशिक्यांना शांत घोडा देतात का? पायात थोड्या टाचेचे बूट हवेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. घोड्याजवळ मागून कधी जाऊ नये, बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जावे.

आणि घोडा परवडत नसेल, तरी ती वही परवडते. भाजी घेताना, कापड घेताना, कुणाबद्दल मत देताना मुलांना विचारा, "का? कारण सांग." आमच्याकडे हल्ली सासूबाईंनाही कारण सांगावे लागते!

घोडी वरातींना जाते. नवरदेवाकडचे कोणी तिच्या डोळ्याखाली पाहत नाही. वहिनी मात्र अजून गोंडा जरा खाली ओढून तो भोवरा झाकते. असू दे. पुढल्या वेळी घोडी घेताना ती आधी पाय पाहील, याची मला खात्री आहे.